पुस्तक मिटल्यावर काय आठवतं?

पूर्वपरीक्षा संपली की कोपरगावातली दहावीची मुलं तेच धडे पुन्हा वाचायला घेतात. तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ‘हे येतंय’ म्हणून पान उलटलं जातं. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या उत्तरपत्रिकेवर आठवणं वेगळं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये हा फरक मोजला. एका गटाने चारही सत्रं उतारा वाचण्यात घालवली. दुसऱ्याने एकच सत्र वाचलं आणि उरलेल्या तिन्हींत उतारा न बघता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी झालेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती! मुलं आळशी नसतात. हा भास त्यांना फसवतो.

गोदाकाठी, कोपरगाव बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे. पुराणकथेत त्यांचा शिष्य कच याने गुरूच्या पोटात असताना मृताला जिवंत करणारी संजीवनी विद्या ऐकली आणि बाहेर येताच मृत गुरूसाठी ती त्याला स्वतः वापरावी लागली. समोर पोथी नाही, विचारायला गुरू नाही. परीक्षेत मुलांचीही हीच स्थिती असते. मग घरचा सराव तरी पुस्तक उघडं ठेवून का करायचा?

आठवून लिहिण्याला अंतराची जोड हवी. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. परीक्षा महिन्यावर असेल, तर आज केलेला धडा साधारण आठवड्याने पुन्हा घ्यावा. मधल्या काळात थोडं विसरायला होतं, ते चालेल. कष्टाने आठवलेलं जास्त टिकतं.

गणितात आणखी एक गोष्ट. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनफळाची एकेका प्रकारची उदाहरणं सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के जमली, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतर आकडे उलटले : २० आणि ६३. त्रिकोणमिती, वर्तुळ, महत्त्वमापन यांची उदाहरणं सरमिसळ करून सोडवावीत, कारण कोणतं सूत्र लावायचं हे ओळखण्याचा सराव त्यातूनच होतो. बाजारातल्या प्रश्नसंचात उत्तर प्रश्नाखालीच छापलेलं असतं. ते कागदाने झाकून आधी आपलं उत्तर पूर्ण लिहावं, मग लाल पेनने तपासावं.