वर्ग कुणाकुणाचा?

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधायची कोडी सोडवायला दिली. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. काही गटांत जातीचा विषय कुणी काढलाच नाही. तिथे दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दुसऱ्या काही गटांत कोडी वाटण्याआधी प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडिलांचं नि आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कोडी तीच, वेळ तेवढाच, बक्षीसही तेवढंच. पण या गटांत दलित मुलांनी सोडवलेली कोडी बरीच कमी झाली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच मिनिटांपूर्वी जे येत होतं ते मुलं विसरली, असं तर झालेलं नव्हतं. आपल्याबद्दल इथल्यांना काय वाटतं याचा हिशेब डोक्यात सुरू झाला, की कोड्यासाठी उरणारं डोकं तेवढं कमी होत असावं.

आता आपल्याकडचा वर्ग आठवा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले, की तास मध्येच थांबवून ‘अमक्या प्रवर्गातल्यांनी उभं राहा’ असं सांगितलं जातं. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, कागद वेळेत जायला हवा एवढंच असतं. पण वरच्या प्रयोगात जे मुद्दाम घडवलं होतं, तेच इथे सहज घडून जातं आणि पुढच्या तासाला गणित सुरू होतं. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या शाळेतला त्यांचा प्रवेशदिन, ७ नोव्हेंबर, राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. गोणपाट गेलं हे खरंच. पण कोण कुठे बसतो, कुणाचं उत्तर ऐकलं जातं, कुणाच्या चुकीवर वर्ग हसतो, या गोष्टी अजून ठरतातच. बहुतेकदा त्या कुणी ठरवत नाही, म्हणूनच त्या जुन्या वळणावर जातात.

वर्गात आपलेपण हवं हे सगळ्यांनाच मान्य असतं. घोटाळा पुढे होतो. आपलेपण म्हणजे गोड बोलणं, भिंतीवरचा सुविचार, परिपाठातली प्रतिज्ञा, असा आपला समज असतो. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ असं रोज म्हणणाऱ्या वर्गातही मधल्या सुट्टीत डबे कोण कुणाबरोबर खातं, ते एकदा नीट पाहावं. मला वाटतं, आपलेपण उपदेशाने येत नाही. ते कामाच्या रचनेतून येतं. शेजारच्याला आल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही, असं कामच असेल, तर त्याच्याकडे पाहायची नजर हळूहळू बदलते.

याचा गाजलेला पुरावा अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला आहे. ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणलं गेलं आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने तिथे उपदेशाचा तास घेतला नाही, धड्याचे तुकडे केले. एखाद्या थोर माणसाचं चरित्र शिकायचं असेल, तर त्याचे पाच-सहा परिच्छेद सुटे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक द्यायचा. वेगवेगळ्या गटांत तोच परिच्छेद मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परतून बाकीच्यांना समजावतात. परीक्षा मात्र सगळ्या चरित्रावर. एका गटात इंग्रजी अडखळत बोलणारा मेक्सिकन मुलगा होता. त्याची पाळी आली तशी गटातल्या मुलांनी सवयीप्रमाणे टिंगल सुरू केली. देखरेख करणाऱ्याने रागावण्याऐवजी एवढंच सांगितलं, की अशी टिंगल करायची तर करा, पण त्याला जे माहीत आहे ते तुम्हाला कळणार नाही आणि परीक्षा थोड्याच वेळात आहे. पुढच्या काही दिवसांत ती मुलं त्याला नेमके प्रश्न विचारायला शिकली. तो उत्तरं देत गेला आणि आपण समजत होतो तितका हा मठ्ठ नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. अल्पसंख्य मुलांचे गुण सुधारले, गोऱ्या मुलांचे घटले नाहीत.

ही पद्धत म्हणजे जादू मात्र नव्हे. फ्रान्समधल्या सहावीच्या वर्गांवर झालेल्या अलीकडच्या प्रयोगांत तिचा शिकण्यावर ठळक फायदा दिसला नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नुसतं गट पाडून भागत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही पालकाला माहीत आहे: ‘प्रकल्प’ गटाचा असतो, तो लिहिते वर्गातली एक हुशार मुलगी आणि चित्रं चिकटवतात तिचे आईवडील. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी गटाने शिकण्यावरचे अनेक अभ्यास तपासून दोन अटी सांगितल्या. गटाला मिळून काही गाठायचं असावं, आणि ते गटातल्या प्रत्येकाच्या स्वतंत्र शिकण्यावरून मोजलं जावं. दुसरी अट गळाली, की गट म्हणजे आळशांचा आडोसा होतो.

यावर पालकांचा सगळ्यात सच्चा आक्षेप असतो तो असा: ‘ढ’ मुलांच्या नादी लागून माझा मुलगा मागे पडणार नाही का? दिल्लीत २००७ पासून सरकारी सवलतीच्या जमिनीवरल्या महागड्या शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या, आणि गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न तपासला. श्रीमंत मुलांच्या गणिताच्या आणि हिंदीच्या गुणांवर काही परिणाम दिसला नाही. इंग्रजीत थोडी घट दिसली आणि वर्गातल्या शिवराळ बोलण्यात थोडी वाढ. पण तीच मुलं जास्त उदार झाली, आणि गरीब मुलांशी खेळायला पूर्वीइतकी कचरेनाशी झाली. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांवरून पाडलेले होते. ज्यांच्या वाट्याला योगायोगाने गरीब सोबती आला, त्यांच्यात हा बदल विशेष दिसला. मुख्य काम एकत्र बसून अभ्यास करण्याने केलं होतं. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळांना गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट देण्याचा नियम सरकारने आणला होता; मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या वादात फी कोण भरणार हे पुष्कळ बोललं गेलं, वर्गात आल्यावर ही मुलं कुणाशेजारी बसणार हे फारसं नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो अधिक जड आहे. पाचवीच्या एकाच वर्गात एकाला जोडाक्षरं येत नाहीत आणि दुसरा गोष्टीची पुस्तकं संपवतो. अशांना एकत्र बसवून दोघांचंही नुकसानच. त्यापेक्षा स्तरानुसार गट करावेत. ‘प्रथम’ संस्थेने हेच मोठ्या प्रमाणावर केलं आहे आणि त्याने मुलं वाचायला शिकतात, याचा पुरावा चांगला आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. तिथला गट दिवसातल्या तास-दोन तासांपुरता, एका विषयापुरता असतो आणि वाचता येऊ लागलं की मूल पुढच्या गटात जातं. ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी ही वेगळीच चीज आहे. तिथे मुलाच्या एका वर्षाच्या गुणांवरून त्याचे शेजारी, त्याचे शिक्षक आणि त्याच्याबद्दलच्या अपेक्षा पुढची कित्येक वर्षं ठरून जातात, आणि ‘ड’मधलं मूल ते पहिल्याच आठवड्यात ओळखतं.

राहता राहिली जरब. धाक सुटला की वर्ग डोक्यावर बसतो, असं अनुभवी शिक्षक सांगतात. शिस्त हवीच, गोंगाटात कुणीच शिकत नाही. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, आणि ‘एवढंही येत नाही?’ या वाक्याची जागा नेमकी कुठे, हे कायद्यापेक्षा फळ्यासमोर ठरतं. या वाक्याने वर्ग शांत होतो खरा. त्याचबरोबर ज्याला समजलेलं नाही तोही शांत होतो, आणि मग कोणता मुद्दा पुन्हा शिकवायला हवा हे शिक्षकाला कळायची वाट बंद होते. चुकलेलं उत्तर फळ्यावर लिहून ‘इथपर्यंत बरोबर आहे, पुढे कुठे घसरलं ते शोधा’ असं वर्गाला विचारायला खडूखेरीज काही लागत नाही. साठ मुलांच्या वर्गातही ते जमतं. गटात बसवून एकमेकांना शिकवायला लावणं मात्र साठांत अवघड आहे. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, आणि जिथे तो नाही तिथल्या बाईंना आपलेपणाचे धडे देण्याआधी दुसरी बाई द्यायला हवी.