दोष बॅटरीचा की चार्जिंगचा?

सकाळच्या घाईत किल्ली फिरवावी आणि इंजिनाच्या आवाजाऐवजी नुसता ‘टक्’ असा आवाज यावा, हा अनुभव मोटारधारकांना नवा नाही. मग सोसायटीच्या वॉचमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना बोलावून गाडीला धक्का मारला जातो आणि संध्याकाळी जुनी बॅटरी देऊन नवी घेतली जाते. पंधरा-वीस दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो, तेव्हा कुठे लक्षात येते की बिघाड बॅटरीत नव्हताच. तोपर्यंत काही हजार रुपये खर्ची पडलेले असतात.

मोटारीतील विजेचा व्यवहार समजायला फारसा अवघड नाही. बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करणे एवढेच. इंजिन एकदा सुरू झाले की दिवे, वातानुकूलन, वायपर, इंधनाचा पंप या सर्वांना वीज पुरवायची आणि शिवाय बॅटरीतून खर्च झालेली वीज भरून काढायची, ही जबाबदारी अल्टरनेटरची असते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या या यंत्राला जुने मेकॅनिक आजही ‘डायनॅमो’ म्हणतात. तेव्हा गाडी सुरू न होण्यामागे तीन शक्यता असतात. बॅटरी निकामी झालेली असते, ती चांगली असूनही भरली जात नसते, किंवा भरलेली बॅटरी गाडी उभी असताना कोणीतरी गुपचूप रिकामी करत असतो.

यांतील नेमके कोणते कारण, हे ठरवायला एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी काहीही सुरू करण्यापूर्वी मोजावी. सहा सेलच्या १२ व्होल्ट बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जिंगनंतरही आकडा साडेदहाच्या पुढे सरकत नसेल तर एक सेल बसला असे समजावे. तिथे बॅटरी बदलण्याला पर्याय नाही. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर मात्र हा आकडा फसवा असतो. प्लेटांच्या पृष्ठभागावर तात्पुरता साठलेला दाब बॅटरीला आहे त्यापेक्षा सशक्त भासवतो. अशा वेळी हेडलाइट मिनिटभर लावून बंद करावेत आणि थोड्या वेळाने मोजावे.

नुसता दाब चांगला असणेही पुरेसे नाही. ‘सेल्फ’ मारताना एकाला मीटरकडे पाहण्यास सांगावे. त्या क्षणी आकडा साडेनऊच्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरीची ताकद सरली आहे. येथे कानही उपयोगी पडतात. ‘टक-टक-टक’ असा सलग आवाज येऊन आतला दिवा मंदावत असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. दिवा लख्ख राहून एकच ‘टक्’ येत असेल तर संशय स्टार्टरवर घ्यावा.

इंजिन सुरू झाल्यावर तोच मीटर अल्टरनेटरची परीक्षा घेतो. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून, इंजिनाची गती थोडी वाढवूनही आकडा १३ च्या वर जात नसेल तर पट्टा, कार्बन, डायोड यांपैकी काहीतरी बिघडले आहे. उलट आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर काम करत नाही. हा दोष अधिक घातक. बॅटरीतील पाणी आटते, बल्ब वारंवार उडतात आणि ग्राहक बॅटरी कंपनीला दोष देत राहतो. अलीकडच्या अनेक मोटारींत मात्र इंधन वाचवण्यासाठी संगणकच चार्जिंग कमी-अधिक करतो. तेथे एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

चार्जिंग तपासण्याची एक गावठी रीत अजून काही गॅरेजमध्ये दिसते. चालू इंजिनात बॅटरीची तार काढायची. इंजिन बंद पडले नाही तर अल्टरनेटर चांगला. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते कदाचित खपून गेले असेल. आज तार काढताक्षणी दाब अचानक उसळतो आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक कक्ष, म्हणजे ईसीएम, जळू शकतो. त्याची किंमत बॅटरीच्या कित्येक पट असते. मेकॅनिकने पाना हाती घेताच मालकाने त्याला थांबवणे हेच शहाणपणाचे.

बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही चांगले, तरीही दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही, हे कोडे सर्वांत चिवट. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक यांसाठी थोडी वीज खर्च होतच असते. हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असावा. ५० मिलिअँपिअर धरले तरी तीन आठवड्यांत २५ अँपिअर-तास निघून जातात, आणि लहान मोटारीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. २५ मार्च २०२० पासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी झाली, तेव्हा कोणताही बिघाड नसलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्याही का बसल्या, याचे उत्तर या हिशेबात आहे. डिकीतला दिवा जळत राहिला किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम थेट जोडली गेली आणि गळती अर्ध्या अँपिअरवर गेली, तर तीच बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते.

गळती शोधायची तर ऋण टोकाची तार काढून मीटर मधल्या मार्गात, १० अँपिअरच्या खाचेत जोडावा लागतो. दारे बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे, कारण गाडीतील संगणकांना ‘झोपायला’ तेवढा वेळ लागतो. त्यानंतरही प्रवाह जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा उतरेल त्या मार्गावर चोर सापडतो. कोणत्याही फ्यूजने फरक पडत नसेल तर अल्टरनेटरचा गळका डायोड तपासावा. मीटर जोडलेला असताना ‘सेल्फ’ मात्र मारू नये, मीटरचा फ्यूज उडेल.

या साऱ्याच्या आधी बॉनेट उघडून टर्मिनलकडे पाहावे, हे सांगावे लागते ही खेदाचीच बाब. पांढरट-हिरवट थर चढलेले टर्मिनल आणि गंजलेली अर्थिंगची तार चांगल्या बॅटरीलाही लुळे करते. पावसाळ्यानंतर, विशेषतः किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत, हा त्रास वाढतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून थर धुता येतो. तारा काढताना ऋण बाजू आधी काढावी आणि बसवताना शेवटी बसवावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-सिगारेट नको.

बॅटरीचे चिन्ह असलेला लाल दिवा धावत्या गाडीत लागला तर तो बॅटरीविषयी नव्हे, चार्जिंगविषयी बोलत असतो. बोरघाटात किंवा कसाऱ्याला तो लागला, तर एसी आणि म्युझिक बंद करून जवळचे गॅरेज गाठावे. वाटेत इंजिन बंद केल्यास पुन्हा सुरू होण्याची खात्री नसते. त्याच वेळी तापमानाचा काटाही चढू लागला, तर मात्र तत्काळ थांबणे भाग आहे. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला असताना गाडी पुढे रेटल्यास इंजिनच जाम होते.

एवढे पाहूनही बॅटरीच दोषी ठरली तर ती जरूर बदलावी. दुकानदार जुनी बॅटरी परत घेऊन किंमत कमी करून देतो आणि तिच्यातील शिशापायी ती भंगारवाल्याला देण्यापेक्षा हेच योग्य. मात्र एकदा ती काउंटरपलीकडे गेली की निदान पडताळून पाहण्याची सोय उरत नाही. म्हणून मीटरचे आकडे जुनी बॅटरी गाडीत असतानाच लिहून ठेवावेत आणि नवी बसवल्यावर तेथेच इंजिन सुरू करून पुन्हा एकदा मोजायला लावावे.