पोटात दुखतंय, मॅडम

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास बीडकडून आलेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांची तोड अशा कोयत्यांवर चालत आली. सप्टेंबर २०२४च्या अखेरीस मात्र हा शब्द बारामतीत वेगळ्याच कारणाने तोंडोतोंडी झाला. एका कॉलेजच्या आवारात बारावीतल्या मुलाचा कोयत्याने खून झाला. संशयित होते तेही अल्पवयीनच.

पाठोपाठ ‘शक्ती अभियान’ आलं. शाळा-कॉलेजांत तक्रारीच्या शक्तीपेट्या, मदतीसाठी फोन नंबर, समाजमाध्यमांवर पोलिसांची नजर, शाळांना भेटी. पेटीचा उपयोग आहेच. नाव न सांगता छेडछाड कळवता येणं ही लहान गावात थोडी गोष्ट नव्हे. पण आपली तक्रार नेमकी काय आहे, हेच ज्या मुलाला उमगलेलं नाही, ते चिठ्ठीवर लिहिणार काय?

मुलांचं मन बहुधा पोटात दुखतं. सोमवारी परिपाठाच्या वेळी दुखतं, गणिताच्या तासाला दुखतं, सुट्टीत थांबतं. आशाताई गोळी देते, घरची माणसं लिंबू उतरवतात, मग देवऋषी. सहावीतला मुलगा अचानक मारामाऱ्या करायला लागला तर तो ‘वाया गेला’ आणि मुलगी गप्प झाली तर ‘शहाणी झाली’. या दुसऱ्या शेऱ्याची भीती जास्त बाळगायला हवी, कारण गप्प मुलीची तक्रार कुणीच करत नाही.

इंग्लंडमध्ये अशा मुलांबरोबर या सुरुवातीच्याच टप्प्यावर काम करणारी माणसं २०१७पासून मुद्दाम घडवली जाऊ लागली. ती मनोविकारतज्ज्ञ नसतात. वर्षभराचं प्रशिक्षण घेऊन ती सौम्य ते मध्यम चिंता, उदासी, वागणुकीचे प्रश्न असलेल्या मुलांबरोबर मोजक्या भेटींत ठरलेल्या पद्धतीने काम करतात. आपल्याला हे परदेशी वाटायचं कारण नाही. गोव्यात १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या माणसांकडून असं काम होऊ शकतं, हे अनेक प्रयोगांतून दाखवून दिलं. त्यांचा दिल्लीच्या सरकारी शाळांतला ‘प्राइड’ प्रकल्प तर चित्रकथांच्या पुस्तिकांवर उभा होता. अडचण नेमकी ओळखायची, उपाय सुचतील तेवढे मांडायचे, त्यातला एक करून बघायचा. चार-पाच छोट्या भेटींत एवढंच. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा भार त्यातून हलका झाला. लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र सहा आठवड्यांनी फारसा फरक दिसला नाही. म्हणजे ही जादू नव्हे. पण ‘वर्गात सगळे हसतात’ ही अडचण हलकी झाली, तर त्या मुलासाठी ती मोजपट्टी दुय्यमच असते.

आपल्याकडे हे काम एका माणसाच्या हाती नाही, ते तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलंय. २०१३मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. वाढीतला उशीर, शिकण्यातल्या अडचणी त्याच्या यादीत आहेत. पण एका दिवसात अख्खी शाळा तपासताना मुलाचं मौन तपासायला वेळ कुठून आणायचा? बारामतीत २०१९पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही या दोन तालुक्यांची मोठी जमेची बाजू. तरी इंदापूरहून बारामती पन्नासेक किलोमीटर पडते, आणि ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ जायचं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६मध्ये १३ ते १७ वयोगटातल्या साधारण ७ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं नोंदवलं. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तोच आकडा धरला, तर साठच्या वर्गात चार मुलं.

या चौघांपर्यंत पोचणाऱ्या कार्यकर्त्याची पहिली कसोटी आजार ओळखण्याची नसते, शब्द देण्याची असते. ‘तू सांगितलेलं मी कुणाला सांगणार नाही’ हे वाक्य तो पूर्ण उच्चारू शकत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार असेल, कुणाला इजा होणार असेल, किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर सांगावंच लागतं. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे. हे मुलाला आधीच, त्याच्या भाषेत सांगायचं. नंतर सांगितलं, तर तो विश्वासघात ठरतो. गावात गुन्हेगार बहुधा ओळखीचा, कधी घरातलाच असतो. अशा वेळी कार्यकर्त्याला त्याच गल्लीतून पुन्हा जावं लागतं.

बाकीचं काम पायी चालण्याचं आहे. शाळेत मुलाशी, ओट्यावर आजीशी, गोठ्यात वडिलांशी बोलायचं. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द न काढता झोप, भूक, अभ्यास, मित्र यांच्याबद्दल विचारायचं. घरच्यांच्या श्रद्धेवर तुटून पडलं तर दार बंद होतं. म्हणून अंगारा लावलेल्या कपाळासकटच डॉक्टरकडे नेलेलं बरं. भास होत असतील, मूल स्वतःला इजा करत असेल, तर मात्र वाट बघायची नाही.

ऑक्टोबर २०२२पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास आहे, मराठीतही. तिची अडचण साधी आहे: घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात.

सगळ्यात अवघड हिशेब कोयत्याबरोबर आलेल्या पोरांचा. तोडकऱ्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी पटावर असते मराठवाड्यातल्या शाळेच्या आणि राहते इथल्या फडाशेजारी. तिच्याशी ओळख व्हायलाच संक्रांत उलटते. ती बोलायला लागते न लागते तोच हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडतो, बैलगाडीचं सामान ट्रकवर चढतं. तेव्हा करता येण्यासारखं एकच उरतं: तिच्या गावच्या आशाताईचा नंबर मिळवायचा, आईला विचारून फोन लावायचा आणि झालेलं बोलणं सावकाश, सगळं सांगायचं.