‘आई, तुम्ही बसा, मी आणते’

सासूबाई पाण्यासाठी उठू लागल्या की स्वयंपाकघरातून सूनबाई हाक देते, ‘‘आई, तुम्ही बसा, मी आणते!’’ नात म्हणते, ‘‘आजी, तू नको गं उठूस.’’ यात माया आहेच. पण रोज असं बसवून ठेवलं की मांड्यांची उठायची सवय मोडते. मग खुर्चीतून उठताना गुडघ्यांवर हात टेकावे लागतात, आणि परकर घालायला एक पाय उचलायचा तर आधी पलंगाचा काठ शोधावा लागतो.

आपला तोल तीन निरोप्यांवर चालतो : डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-घोट्यांतल्या संवेदना. मेंदू या निरोपांची जुळणी करून स्नायूंना हुकूम सोडतो. मोतीबिंदूने नजर मंदावते, जुन्या मधुमेहाने तळपाय बधिरतात. रात्री दिवा न लावता उठलं की डोळ्यांचा निरोपही थांबतो, आणि माणूस मोरीच्या वाटेवर पडतो. निरोप वेळेवर पोचला, तरी सावरायला मांडी-पोटरीत जोर हवाच.

हा जोर ऐंशीनंतरही कमावता येतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी घरच्या घरी करायचे व्यायाम आखले. ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या 233 स्त्रियांवर झालेली त्यांची चाचणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून तीनदा अर्धा तास ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, शिवाय दोनदा चालणं, एवढाच हा कार्यक्रम. पुढे चार चाचण्यांमधल्या 1,016 ज्येष्ठांची आकडेवारी एकत्र पाहिली, तेव्हा पडण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

‘‘पण गुडघा दुखतो, त्याचं काय?’’ सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. स्पंज दाबून सोडावा तशी ती हालचालीने दबते, सुटते आणि सांध्यातल्या वंगणातून पोषण घेते. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भारही तो वाटून घेतो. म्हणून झिजेच्या दुखण्यावर बेताचा व्यायाम हाच मुख्य उपचार मानतात. व्यायामानंतर थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्यासारखं व्हायला हवं. सूज आली किंवा दुखणं रेंगाळलं, तर मात्रा कमी करा.

सुरुवात ओट्यापाशी करता येते. ओटा धरून टाचा उचला, चवड्यांवर क्षणभर थांबा, सावकाश खाली या. असं दहा वेळा. मग एक पाय जरा उचलून दहा आकडे मोजा, हात ओट्यावरच. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून शक्यतो हात न टेकता आठ-दहा वेळा उठा-बसा. जमू लागलं की ओट्याकडेने फरशीच्या रेषेवरून, चवड्यापुढे टाच लावत चाला. पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी असावं; मोजे घालून गुळगुळीत फरशीवर तर मुळीच नको. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा वर्षभरात दोनदा पडणं झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

यात घरच्यांचंही एक काम आहे. पुढच्या वेळी आजी पाण्यासाठी उठली, तर तिला बसवू नका. म्हणा, ‘‘आजी, येताना माझ्यासाठीही आण गं.’’