मूल फिरायला न्यावे इतके मोठे केव्हा होते?

एप्रिल-मे हे दोन महिने आम्हा कापडवाल्यांचे. लग्नसराई असते. याच दोन महिन्यांत शाळांना सुट्ट्या लागतात, आणि मुले विचारतात, "आपण कुठे जाणार?" नोकरदार मंडळी रजा टाकतात आणि मुलांना घेऊन निघतात. आम्ही दुकानात बस्ते बांधत बसतो. त्यामुळे व्यापाऱ्याच्या घरात या प्रश्नाला वर्षानुवर्षे एकच उत्तर ठरलेले असते, "अजून लहान आहेस, मोठा झाल्यावर नेऊ." हे उत्तर आम्हीही पुष्कळदा दिले आहे. गेल्या वर्षी मात्र ते आमच्यावरच उलटले, म्हणून ही हकीकत व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर मांडत आहोत.

आमचे कापडाचे दुकान मंगरूळपीरला आहे. रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत पाल ठोकून माल विकायचा, हा आमच्या वडिलांपासूनचा रिवाज. पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ, संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे. महाराष्ट्रातून तर लोक येतातच, शिवाय तेलंगण, आंध्र, कर्नाटकातून गाड्या भरभरून येतात. फेटियाचे कापड, कांचळीचे तुकडे, ओढण्या आणि झेंड्याचे पांढरे कापड असा माल आम्ही नेतो. आमच्या शेजारी मणियार बांगड्या मांडतो, पलीकडे आरसे, कवड्या आणि मणी विकणारे बसतात. चार दिवसांत जो गल्ला होतो, तो पावसाळ्यातल्या एखाद्या महिन्यातही होत नाही.

१९९८ साली आमचा मुलगा पाच वर्षांचा होता. वाशीम जिल्हा अजून झालेला नव्हता, तो त्याच वर्षी जुलैत झाला. तेव्हा सगळा मामला अकोल्याचा होता. त्या वर्षी रामनवमी आणि बकरी ईद अगदी लागून आल्या होत्या. जत्रेचा माल विकून ईदच्या गिऱ्हाईकासाठी परत दुकान गाठायचे, अशी घाई होती. मुलगा आकाशपाळणा पाहायचा म्हणून हट्ट धरून बसला. घरातून सांगण्यात आले की नेऊ नका, लहान आहे. आम्ही म्हटले, पालात बसेल, काय बिघडते?

दुपारी गिऱ्हाईक तुटून पडले होते. आम्ही मीटर हातात घेऊन कापड फाडत होतो. मान वर केली तर मुलगा जागेवर नाही. पुढचे दोन तास कसे गेले ते लिहिता येत नाही. गल्ला उघडा टाकून आम्ही पळत सुटलो. लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, पण पुकारणाऱ्याने तरी काय पुकारावे? मुलाला बापाचे नाव विचारले तर तो "अब्बा" म्हणे. घर कुठे विचारले तर "कपडे की दुकान." त्या जत्रेत कापडाच्या दुकानांना तोटा नव्हता.

शेवटी आमच्याच गावच्या एका दुकानदाराने त्याला ओळखले. एका म्हाताऱ्या बंजारा बाईने त्याला मांडीवर घेतले होते आणि हातात गुळाचा खडा दिला होता. ती बोले गोरमाटीत, हा बोले आमच्या घरच्या उर्दूत. दोघांना एकमेकांचे काही कळत नव्हते, पण मुलगा रडत नव्हता. आम्ही बाईला कांचळीचे कापड देऊ लागलो तर तिने घेतले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती पालावर आली आणि तेच कापड घासाघीस करून, भाव पाडून, पैसे मोजून घेऊन गेली. अल्लाह तिचे भले करो.

त्यानंतर आम्ही कानाला खडा लावला. मुलांना गर्दीत न्यायचे नाही. मुंबईला गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले होते आणि त्याची जाहिरात घरोघरी पोहोचली होती. मुलगा मागे लागे, आम्ही म्हणू, "मोठा हो." शेगावला आनंदसागर झाले, शाळेतली मुले जाऊन आली. आम्ही म्हटले, "पुढल्या वर्षी." पुढल्या वर्षीही लग्नसराई आलीच.

आता तोच मुलगा दुकान सांभाळतो. त्याला आठ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी आहे. २०२५ च्या आरंभी तो म्हणाला, "अब्बा, मे महिन्यात मुलांना खोपोलीच्या इमॅजिकाला नेतो." आमच्या तोंडून सवयीने निघून गेले, "अजून लहान आहेत." तो शांतपणे म्हणाला, "मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही मला गल्ल्यावर बसवले. गल्ल्यावर बसायला मोठा होतो आणि फिरायला लहान?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. खरे पाहिले तर आपल्या धंद्यात मुलाचे वय आपल्या सोयीने कमीजास्त होते. सुट्टीत दुकानात, कारखान्यात, शिलाईयंत्राजवळ हात लावायला आठ-नऊ वर्षांचे पोर 'आता समजदार' असते. कायदासुद्धा घरच्या धंद्यापुरती थोडी सवलत देतो. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोक्याचे नसलेल्या घरच्या कामात ते मदत करू शकते. मौजेसाठी मात्र तेच पोर 'नादान' ठरते.

मग मोठे म्हणजे किती मोठे? आम्ही हिशेबी माणसे, म्हणून चौकशी केली. एसटी पाच वर्षांखालील मुलाचे तिकीट घेत नाही, पाच ते बारा अर्धे. रेल्वेतही पाचपर्यंत फुकट, पण २१ एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर भाडे पूर्ण भरावे लागते. अमेरिकेत १९५५ साली पहिले डिस्नेलँड उघडले. तेथे तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, परंतु आतल्या अनेक पाळण्यांवर चाळीस इंच उंचीची अट आहे. म्हणजे दारात वय पाहतात आणि पाळण्याजवळ उंची. आपल्याकडच्या मोठ्या उद्यानांतही उंचीचाच हिशेब चालतो, उंचीची पट्टी लावलेली असते आणि पट्टीच्या खाली राहिला तो बाहेर. याचा अर्थ असा की तीन वर्षांचे मूल नेले तर प्रवासाचा त्रास सगळा, आणि मोठ्या पाळण्यांवर बसायला मिळत नाही. शिवाय त्याच्याबरोबर एक मोठे माणूस दिवसभर अडकून पडते, त्या माणसाचे तिकीट मात्र पूर्ण लागलेले असते. व्यापाऱ्याच्या भाषेत हा पडून राहणारा माल झाला.

आमच्या वडीलधाऱ्यांचेही एक माप होते. चार वर्षे, चार महिने, चार दिवस झाले की मुलाची बिस्मिल्लाह करायची. पहिला रोजा सात-आठाच्या पुढे. म्हणजे अक्षर शिकायचे वय वेगळे आणि दिवसभर सोसायचे वय वेगळे, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. मानसशास्त्रवालेही सांगतात की बहुतेक माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या अलीकडची नसते. तीन वर्षांच्या मुलीला हजारो रुपये खर्चून काय दाखवले, ते तिला पुढे फोटोतूनच कळणार. कोणी म्हणेल, तिला आठवत नसले तरी त्या दिवशी तर आनंद होतो ना? होतो. पण तो तिला आकाशपाळण्याइतकाच घरच्या झोक्यावरही होतो.

आम्ही मुलाला म्हटले, आधी जत्रेत परीक्षा घेऊ. २०२५ ची रामनवमी ६ एप्रिलला होती आणि ईद नुकतीच होऊन गेली होती. २०२२ आणि २०२३ या दोन्ही साली रामनवमी रमजानमध्ये आली होती, तेव्हा रोजा ठेवून उन्हात पाल सांभाळताना घसा कोरडा पडे. २०२० साली तर लॉकडाऊनमुळे सगळेच ठप्प होते. या वेळी अंगात ताकद होती. सत्तावीस वर्षांनी आम्ही पुन्हा घरची लहान मुले घेऊन पोहरादेवीला गेलो.

निघण्याआधी नातवाला स्वतःचे नाव, बापाचे पूर्ण नाव, गाव आणि दोन मोबाईल नंबर पाठ करून घेतले. तपासायला मध्यरात्री झोपेतून उठवून विचारले. यावरून घरात आमची चेष्टा झाली, पण पोराने झोपेतही नंबर बरोबर सांगितला. नातीच्या फ्रॉकच्या आत चिठ्ठी शिवली.

नात तासाभरात थकली. ढोल आणि भोंग्यांच्या आवाजाने घाबरून तिने आईचा पदर सोडला नाही, मग पालात कापडाच्या गठ्ठ्यावर झोपली ती संध्याकाळपर्यंत. नातू मात्र खुलला. नगाऱ्याच्या आकाराचे जे बंजारा विरासत संग्रहालय तेथे उभे राहिले आहे, ज्याचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झाले, ते पाहायचा त्याने हट्ट धरला. बंजारे पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर व्यापार करत, हे बापाने सांगितले तेव्हा त्याने विचारले, "म्हणजे तेही आपल्यासारखे दुकानदार?" एवढ्या उन्हात, एवढ्या गर्दीत पोराला प्रश्न सुचतो, याची आम्ही मनात नोंद घेतली.

मग आकाशपाळणा. जत्रेतल्या पाळण्याला उंचीची पट्टी नसते. पाळणेवाला पैसे पाहतो, पोर पाहत नाही. तेथे पट्टी आपल्यालाच व्हावे लागते. आडवी दांडी घट्ट लागते का, पाळण्याखाली फळ्या नीट टेकवल्या आहेत का, चालवणारा शुद्धीत आहे का, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि मग तिकीट काढले. अर्धा तास रांगेत उभा राहून नातू पाळण्याच्या पायरीपर्यंत गेला आणि म्हणाला, "दादा, मला भीती वाटते. नको." त्याचा बाप म्हणाला, "अरे, तिकीट काढलंय, बस!" आम्ही मुलाचा हात धरला. तिकिटाचे पैसे बुडाले ते बुडाले. ज्याला भीती वाटते आणि ती वाटते असे तोंडाने सांगता येते, त्याला न्यायला हरकत नाही, असे आमचे मत तेथेच झाले. रडून गोंधळ घालणारे किंवा लाजेखातर गप्प बसून पाळण्यावर चढणारे मूल अजून तयार नसते. याबाबतीत दहा वर्षांचा एखादा कच्चा असतो आणि सहाची एखादी मुलगी पक्की.

आता हंगामाचा प्रश्न. मे महिन्यात दुकान सोडणे शक्य नव्हते, आणि उन्हात पोरांना दिवसभर फिरवणे बरेही नव्हते. पण आपल्या विदर्भाला एक सवलत आहे, तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. जूनच्या मध्याला मुंबई-पुण्याची मुले शाळेत गेलेली असतात, लग्नसराई संपत आलेली असते, शेतकरी गिऱ्हाईक पेरणीत गुंतलेले असते आणि दुकानात माशा मारण्याची वेळ येते. आमच्यासारख्यांनी फिरायला जायचे ते याच आठ-दहा दिवसांत. गर्दी कमी, ऊन उतरलेले. पाऊस लागला तर काही पाळणे बंद ठेवतात, ही जोखीम आहे, पण धंद्यात जोखीम कधी नसते? रोजंदारीवर शिवणाऱ्या आमच्या कारागीर भावांना चार दिवसांचा खाडा परवडणारा नसतो. त्यांच्यासाठी शेगाव आहे. आनंदसागर मध्ये काही वर्षे बंद होते, २०२३ मध्ये पुन्हा उघडले. सकाळी जाऊन रात्री परत येता येते.

तिसऱ्या आठवड्यात मुलगा, सून आणि नातू निघाले. अकोल्याहून रात्रीची गाडी, सकाळी कल्याण, तेथून कर्जत-खोपोलीची लोकल. नात आमच्याजवळ राहिली. पहिली रात्र रडली, दुसऱ्या दिवशी दुकानात चिंध्यांच्या बाहुल्या करून खेळत बसली आणि आई आली तेव्हा तिच्याकडे जाईना.

नातवाने परत आल्यावर जे सांगितले त्यात पाळणे थोडे आणि रेल्वे फार होती. वरच्या बर्थवर झोपलो, रात्री भुसावळला चहावाला आला, लोकलला आपोआप दारे नाहीत, असे. एका मोठ्या पाळण्याजवळ त्याला पट्टीखाली उभे केले, तो दोन बोटे कमी भरला. फार रडला म्हणे. बापाला तिकिटात तो पाळणा होता, तरीही तो बसला नाही, मुलाजवळ बाकावर बसून राहिला. हे सुनेने आम्हाला सांगितले, मुलाने नाही.

आम्ही मुलाला विचारले, "तू का नाही बसलास? पैसे तर भरले होते." तो म्हणाला, "अब्बा, मलाही लहानपणापासून बसायचे होते. पण त्याला एकट्याला त्या गर्दीत उभे करून कसा जाणार?"

दुकानाच्या चौकटीवर आता पेन्सिलीची एक रेघ आहे. दर जुम्याला नमाजहून आल्यावर नातू आमचा लोखंडी मीटर घेतो, भिंतीला पाठ लावतो आणि आम्हाला मोजायला लावतो. टाचा उचलतो, ते आम्हाला दिसते. कापड मोजताना आम्ही कधी बोटभर इकडे-तिकडे होऊ दिले नाही, येथेही होऊ देत नाही. अजून एक बोट बाकी आहे.