शापायचा ड्रमसेट

वाडवडिलांची एखादी जुनी वस्तू हाती आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘हिची किंमत किती?’ खरे म्हणजे आधी विचारायला हवे, ‘ही कोण, कुठली आणि कशाची?’ या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा ती वस्तूच देते. मात्र विचारण्याची रीत ठाऊक हवी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गोव्यातील शाळेचा नववीतला एक विद्यार्थी धापा टाकत प्रयोगशाळेत आला. त्याचा शापाय, म्हणजे आजोबा, जहाजावरील बँडमध्ये ड्रम वाजवीत असे. तो वारल्यापासून त्याचा ड्रमसेट माळ्यावर पडून होता. वडील म्हणत होते, भंगारात देऊ. आत्याने चिंच आणि राख घेऊन झांजा घासायची तयारी केली होती. मुलगा म्हणाला, “सर, तुम्ही आज आला नाहीत, तर उद्या काही उरणार नाही.”

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. माळ्यावरून एकेक नग खाली उतरला. पायाने ठोकायचा मोठा बास ड्रम, खाली तारांची जाळी असलेला स्नेअर, दोन टॉमटॉम आणि काळपट पडलेल्या दोन झांजा. एकाच वादकाने इतकी वाद्ये वाजवायची ही पद्धत फार जुनी नाही. पूर्वी बँडमध्ये बास ड्रम, स्नेअर आणि झांजा वाजवायला वेगवेगळी माणसे लागत. पायाने चालणारी पेडल आली तशी ही कामे एकाकडे आली. शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी १९०९ साली काढलेली वेगवान पेडल या वाटेवरचा मोठा टप्पा होय.

दोरी आणि पाय

ड्रमच्या अंगावर ‘प्रीमियर’ असा बिल्ला होता. १९२२ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी. पण बिल्ला म्हणजे पुरावा नव्हे. तो एका ड्रमवरून काढून दुसऱ्यावर लावता येतो. म्हणून आम्ही मोजमाप घ्यायचे ठरवले.

गोल वस्तूचा व्यास फूटपट्टीने नेमका मिळत नाही. न ताणणारी दोरी घेऊन आम्ही मधल्या टॉमटॉमच्या लाकडी खोडाला एक वेढा दिला. परीघ भरला ११२७ मिलिमीटर. त्याला ३.१४ ने भागले की व्यास सुमारे ३५९ मिलिमीटर येतो. या रीतीत एक सोय आहे. दोरी मोजताना ३ मिलिमीटरची चूक झाली, तरी व्यासात ती जेमतेम १ मिलिमीटर उरते.

आता १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. हे खोड त्याहून तीनएक मिलिमीटर मोठे! आज बाजारात मिळणारी १४ इंची पुडी त्यावर बसणारच नाही. वडील म्हणाले, “म्हणजे सदोष माल!” पण तसे नव्हते. ही कंपनी पूर्वी आपले टॉमटॉम थोड्या मोठ्या मापाचे करीत असे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने आंतरराष्ट्रीय माप स्वीकारले. तेव्हा हे खोड त्याआधीचे असले पाहिजे.

इतका वेळ गप्प बसलेली शामाय, म्हणजे आजी, म्हणाली, “आमचे लग्न १९६६ साली झाले. त्याच्या आदल्या वर्षी त्याने हा आणला.” आजीची आठवण आणि दोरीचे माप यांचा मेळ बसला. दोन स्वतंत्र पुरावे एकच गोष्ट सांगू लागले, की तर्काला बळकटी येते.

कातडे की प्लास्टिक?

बहिर्गोल भिंगातून पुड्या पाहिल्या. तिन्ही ड्रमच्या पुड्यांवर अनियमित रेषा आणि केसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसले. ते वासराचे कातडे होते. धाकट्या टॉमटॉमची पुडी मात्र सगळीकडे सारखी. ती पॉलिएस्टरची होती. अशा पुड्या १९५७ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आल्या. मग धाकटा टॉमटॉम नवा का? नाही. पुडी झिजते आणि बदलली जाते. पुडीचे वय म्हणजे ड्रमचे वय नव्हे.

कातडे आणि प्लास्टिक यांत मोठा फरक आहे तो दमट हवेतला. कातडे हवेतील बाष्प शोषून सैल होते आणि आवाज उतरतो. पडद्याच्या कंपनांची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. ताण ८१ टक्क्यांवर आला, तर वारंवारता ९० टक्के उरते. गोव्यात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्याही वर जाते. तेव्हा ढिली पडलेली पुडी कोणी करकचून आवळली, तर कोरडी हवा येताच कातडे आक्रसते आणि फाटते. पार सैल सोडली तर तिचा आकार बिघडतो. म्हणून सगळे स्क्रू सारखेच, थोडा ताण राहील इतपत सैल करावेत.

पिवळेपणाचे कोडे

ड्रमच्या अंगावर मोत्यासारखे चमकणारे आवरण होते, पण रंग तुपासारखा पिवळट. एक स्क्रू काढून त्याखालची धातूची पट्टी अलगद उचलली, तर आतील भाग पांढराशुभ्र! जिथे उजेड पोहोचला नाही, तिथे मूळ रंग टिकून होता.

त्या काळातील अशी कित्येक आवरणे सेल्युलोज नायट्रेटची असत. हा पदार्थ वयाबरोबर पिवळा पडतो, आक्रसतो, तडकतो. विघटन होताना त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, आणि ओलाव्याशी संयोग होऊन तयार झालेले आम्ल जवळचा धातू खाते. शिवाय तो झटकन पेट घेतो. म्हणून ओळख पटवण्यासाठी तापलेली सुई लावणे किंवा तुकडा जाळून पाहणे कटाक्षाने टाळा. अशी वस्तू चुलीजवळ किंवा हवाबंद प्लास्टिकमध्ये ठेवू नये. तिला खेळती हवा हवी.

चिंचेचा मोह

उरल्या झांजा. मोठीवर ‘झिल्डजियन’ हा ठसा पुसट दिसत होता. इस्तंबूलमध्ये १६२३ पासून झांजा घडवणाऱ्या घराण्याचे हे नाव. त्याचा अर्थच ‘झांजकाराचा वंशज’. १९२९ च्या सुमारास या घराण्याने अमेरिकेत कारखाना काढला. या झांजांच्या काशात सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील असते. आपल्या देवळातील घंटेचे कांसेही याच जातीचे. कथील जास्त म्हणून नाद खणखणीत, पण धातू ठिसूळ.

चिंचेतील आम्ल काळपट थर विरघळवते आणि राख धातू खरवडते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना ते चालते, पण इथे थराबरोबर ठसाही गेला असता. आत्याने राखेचे भांडे निमूटपणे बाजूला सारले. झांजा मऊ सुती कापडाने नुसत्या पुसल्या.

बास ड्रमची पुडी सोडवून आत विजेरीचा प्रकाश टाकला. आवाज दबवण्यासाठी वादक पुडीमागे लोकरीची पट्टी लावीत. तशीच एक निळी, कसर लागलेली पट्टी होती. वडील ती फेकणार, तोच शामायने हात पुढे केला. “हा त्याच्या लग्नातला कोट. कोट हरवला म्हणून मला सांगितले होते!” ती हसली आणि डोळे पुसू लागली. भंगाराचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

जपायचे कसे?

मुलाने वहीत प्रत्येक भागाचे माप, छायाचित्र आणि स्थिती नोंदली. काढलेला स्क्रू न् स्क्रू चिठ्ठी लावून ठेवला. गंजलेल्या आट्यांना तेलाचा थेंब दिला, पण लाकूड आणि कातडे यांना तेल लागू दिले नाही. ड्रम जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर, सुती कापडाखाली ठेवले. एक कोरडे आणि एक ओल्या फडक्याचे अशी दोन तापमापके टांगून तो आर्द्रता मोजू लागला. नियम एकच पाळला : जे पुढे पूर्ववत करता येणार नाही, ते आज करायचे नाही. म्हणून रंगकामही नाही.

पण वाद्य मुकेच ठेवायचे का? वाजवले तर जुने कातडे फाटण्याचा धोका, न वाजवले तर शापायचा नाद कायमचा हरवणार. नाताळच्या सुमारास आर्द्रता साठीत उतरली. शामाय म्हणाली, “एकदा वाजव. फाटले तर मी रागावणार नाही.” मुलाने स्नेअर हळूहळू, चहूकडून सारखा ताणला आणि काठ्यांऐवजी तारेच्या ब्रशांनी वाजवला. कातडे टिकले. त्या दिवसाची नोंदही त्याने वहीत केली.

तुमच्या घरी कदाचित ड्रमसेट नसेल. तबल्याची जोडी, पखवाज, हार्मोनियम किंवा आजीचे शिवणयंत्र असेल. दोरी, भिंग आणि वही घ्या. आणि घरातील वृद्धांना आजच विचारा. वस्तू थांबू शकते. तिची हकिकत सांगणारे माणूस नेहमीच थांबेल असे नाही.