मुलाचा पीसी तापतोय? आधी वजाबाकी करा!

पालक-शिक्षक मित्रांनो, मुलाने हौसेने जोडलेला पहिला गेमिंग पीसी मे महिन्यात तापला की लगेच ‘पार्ट खराब निघाला’ असं वाटतं. नवा खर्च करण्याआधी मोजमाप करू या.

पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही; तो उष्णता फक्त खोलीतल्या हवेत सोडतो. म्हणून नुसतं तापमान नको, फरक बघा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावा आणि दर वेळी तोच गेम अर्धा तास चालवा.

समजा, गव्हाणच्या घरात जानेवारीत खोली २५ अंश, प्रोसेसर ७१. फरक ४६.
मे महिन्यात खोली ३४, प्रोसेसर ८०. फरक तोच! म्हणजे मशीन ठीक आहे, ऋतू बदललाय.

फरकच ५५-६० झाला तर मात्र धूळ, अडकलेला पंखा किंवा वाळलेली थर्मल पेस्ट तपासा. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. गेम अडखळतो तो त्यामुळेही.

पुढचा पंखा हवा आत घेतो, मागचा बाहेर टाकतो ना, ते पाहा. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडा.

मुलाला वहीत तारीख, खोली, प्रोसेसर आणि फरक असा तक्ता करायला सांगा. विज्ञानाचा प्रकल्प घरातच तयार!